सायलेंटपॅच आणि वाइडस्क्रीन फिक्स: नव्या लॅपटॉपवर व्हाइस सिटी, प्लास्टरमधल्या मित्रासाठी

आधीच सांगतो, हा गेमचा रिव्ह्यू नाहीये. व्हाइस सिटी, म्हणजे जीटीए मालिकेतली ती गाड्या पळवायची कॉम्प्युटर गेम, तिच्याबद्दल आमच्या वयाच्या माणसाला नव्यानं काय सांगणार, निम्म्या पोरांनी दहावीच्या क्लासची फी तिच्यावर उडवलीय. हा रिव्ह्यू आहे दोन फुकट पॅचेसचा, म्हणजे गेम दुरुस्त करणाऱ्या छोट्या फाइलींचा, एक सायलेंटपॅच आणि दुसरा थर्टीनएजी नावाच्या मॉडरचा (हौसेनं गेममध्ये बदल करणारा) वाइडस्क्रीन फिक्स. हे दोन टाकले आणि 2003 सालची गेम विंडोज 11 वर अशी चालली की च्यायला मलाच शंका आली, ही तेव्हा तरी एवढी नीट चालायची का.

झालं काय, तर बंड्या, आमचा शाळेपासूनचा मित्र, सांगलीत राहतो, पावसात गाडीवरून घसरला आणि पायाला प्लास्टर. दीड महिना घरात. आठवडाभरात वहिनींचा फोन, "भावजी, ह्यांना काहीतरी लावून द्या हो, दिवसभर नुसतं डोकं खातायत." मी शनिवारी पुण्याहून गेलो. बंड्या पलंगावर, पायाखाली दोन उशा, पोटावर लॅपटॉप, आणि तोंड असं पाडलेलं की मला वाटलं ऑपरेशन सांगितलंय. तर तसं नव्हतं, व्हाइस सिटी चालत नव्हती.

त्याने माझ्या आधी एका दुकानात लॅपटॉप देऊन बघितलेला. कुठलं दुकान ते सोडा, गावात असली दहा आहेत. सहाशे रुपये घेतले, पेनड्राइव्हवरून कसलातरी सेटअप मारला, आणि परत देताना सांगितलं की मशीन लई नवीन आहे साहेब, यात जुनं गेम बसत नाही. घरी येऊन बघतो तर गेम तर नाहीच, वर ब्राउझर उघडला की आपोआप सट्ट्याच्या जाहिराती सुरू. माझे पहिले दोन तास ती घाण काढण्यात गेले. वहिनींनी तेवढ्यात तीनदा चहा केला, एकदाही विचारलं नाही की किती वेळ लागेल, ह्याबद्दल त्यांना वेगळे पाच स्टार.

बंड्याकडे जुनं सीडीचं पाकीट पण होतं, ते चेन लावायचं, काळ्या रेक्झिनचं. त्यात दोन सीड्या, मार्करनं "व्हाइस सिटी 1" आणि "व्हाइस सिटी 2" लिहिलेल्या, एक इन्स्टॉलची, एक प्लेची. ओरिजिनल वगैरे काही नाही, तेव्हा आपल्याकडे ओरिजिनल बघितलेला माणूस मला तरी भेटला नाही. पण लॅपटॉपला सीडी ड्राइव्हच नाही तर काय करता. आणि कुणाकडे अस्सल सीडी असली तरी फार खूश होऊ नका, त्या काळच्या बऱ्याच गेमच्या सीड्यांवर सेफडिस्क नावाचं कुलूप असायचं आणि विंडोज 10 पासून मायक्रोसॉफ्टनं त्या कुलपाचा ड्रायव्हरच घेणं बंद केलं, त्यामुळे सीडी घालून पण गेम गप्प बसते. माझं नशीब की मी ती स्टीमवर, म्हणजे गेमच्या ऑनलाइन दुकानात, कधीतरी सेलमध्ये घेऊन ठेवलेली. 2021 च्या ऑक्टोबरमध्ये व्हाइस सिटी धरून जुन्या तिन्ही जीटीए ऑनलाइन दुकानांतून काढून टाकल्या, नोव्हेंबरमध्ये नवी रंगरंगोटी केलेली आवृत्ती यायची होती म्हणून, पण आधी घेतलेल्यांच्या लायब्ररीत ती अजून आहे, डाउनलोड होते. ती रंगरंगोटीवाली मी बघितलीय. मला त्यातली माणसं गणपतीच्या देखाव्यातल्या पुतळ्यांसारखी वाटतात. ज्याला आवडते त्याला आवडू दे.

तर माझ्या लॉगिननं बंड्याच्या लॅपटॉपवर उतरवली, प्ले दाबलं, आणि मेसेज आला की ह्या गेमला कमीत कमी 12 एमबी व्हिडिओ मेमरी लागते.

12 एमबी! लॅपटॉपला ग्राफिक्स कार्ड 6 जीबीचं. बंड्या म्हणाला, "म्हणजे दुकानवाला बरोबर होता की रं." मी पण जरा वेळ बघतच बसलो. नंतर लक्षात आलं की मेमरी कमी नाहीये, उलट एवढी जास्त आहे की 2003 च्या हिशोबात तो आकडा मावतच नाही, मग गेमला तो उलटाच दिसतो आणि ती बोंब मारते. त्या वेळी बॉक्सवर लिहिलेलं काय होतं आठवा, 800 मेगाहर्ट्झचा पेंटियम थ्री, 128 एमबी रॅम, 32 एमबीचं कार्ड. त्यांनी कशाला 6 जीबीची सोय करून ठेवावी.

सगळे करतात तेच मी पहिल्यांदा केलं, राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कंपॅटिबिलिटी, विंडोज एक्सपी. गेम उघडली. पण कशी उघडली, तर टॉमी, म्हणजे गेमचा हिरो, रुंदीला दीडपट, नकाशाचा गोल अंड्यासारखा, माउस हलवला तर कॅमेरा जागचा हलत नाही, आणि ऑल्ट टॅब करून परत आलो तर काळा पडदा. बंड्या म्हणाला चालेल रे एवढं. मी म्हणलं नाही चालणार, दोनशे किलोमीटर आलोय मी.

इथून पॅचेस सुरू होतात, ज्यांना फक्त तेवढंच वाचायचंय त्यांनी इथून वाचा.

सायलेंटपॅच म्हणजे सायलेंट ह्याच नावानं काम करणाऱ्या एका पोलिश प्रोग्रामरनं केलेला दुरुस्तीचा संच. गेममध्ये नवीन काही घालत नाही, नवीन गाड्या नाहीत, नवीन कपडे नाहीत, फक्त जे मोडलंय किंवा पहिल्यापासूनच चुकलेलं होतं ते नीट करतो. ती 12 एमबीची बोंब गेली. काही स्क्रीनवर "640 बाय 480 चा व्हिडिओ मोड सापडत नाही" असं येतं ना, ते पण जातं कारण हा पॅच सुरुवातीलाच आपल्या डेस्कटॉपचं रिझोल्यूशन उचलतो. माउसचं दुखणं पण गेलं. हा माणूस किती खोलात जातो त्याचं एक उदाहरण सांगतो, थोडं विषयाबाहेर आहे पण मला हे लई आवडलं. सॅन अँड्रियास ह्या जीटीएच्या पुढच्या गेममध्ये स्किमर नावाचं पाण्यावर उतरणारं छोटं विमान आहे. विंडोज 11 ची 24एच2 अपडेट आली आणि ते विमान लोकांच्या गेममधून गायबच झालं. सगळे मायक्रोसॉफ्टला शिव्या घालायला लागले. ह्यानं बसून शोधलं तर चूक गेममध्येच, वीस वर्षं जुनी. व्हाइस सिटीत स्किमरची नोंद होडी म्हणून होती, होडीला चाकं कुठली, म्हणून चाकांच्या मापाचे आकडे लिहिलेलेच नाहीत. सॅन अँड्रियासमध्ये त्याला विमान केलं पण ते आकडे भरायचे राहिले, आणि इतकी वर्षं आधीच्या गाडीचे आकडे मेमरीत उरलेले असायचे त्यावर निभावलं जात होतं. नव्या विंडोजनं ती जागा वेगळ्या कामाला वापरली आणि बिंग फुटलं. आता असा माणूस पॅच करतो म्हटल्यावर मी डोळे झाकून टाकतो.

वाइडस्क्रीन फिक्सचं काम नावातच आहे. गेम मुळात चार बाय तीनच्या जुन्या डबा मॉनिटरसाठीची, तिच्या मेनूत वाइडस्क्रीन असा ऑप्शन दिसतो पण तो चालू केला की वरखाली काळ्या पट्ट्या मिळतात, बाकी काही नाही. हा फिक्स टाकला की चित्र ताणलं जात नाही, उलट दोन्ही बाजूंना जास्तीचं शहर दिसायला लागतं. ओशन बीचच्या रस्त्यावर एका बाजूला हॉटेलांची रांग आणि दुसऱ्या बाजूला वाळू, दोन्ही एका नजरेत, हे सायबर कॅफेतल्या पंधरा इंची मॉनिटरवर कधी दिसलंच नव्हतं. नकाशा परत गोल झाला, पैशाचे आकडे नीट झाले. बंड्या नुसता "आयला... आयला" करत होता.

टाकायचं कसं, तर झिप उघडायची आणि आतल्या फाइली गेमच्या फोल्डरमध्ये मेन ईएक्सईच्या, म्हणजे गेम सुरू करणाऱ्या फाइलीच्या, शेजारी टाकायच्या. एवढंच. पण हे "एवढंच" ज्याला माहितीये त्याच्यासाठी. ह्या पॅचच्या फाइली एएसआय एक्स्टेंशनच्या असतात, गेमला त्या आपसूक कळत नाहीत, त्यांना आत घेऊन जाणारी एक लोडरची डीएलएल, म्हणजे मदतनीस फाइल, वेगळी लागते. ती नसली तर काहीच होत नाही, एरर पण येत नाही, आणि माणूस म्हणतो पॅच बकवास आहे. मी अर्धा तास ह्याच घोळात होतो. शिवाय डीएलएल बघून अँटीव्हायरस बोंबलला, ते साहजिक आहे, अनोळखी डीएलएल गेमला चिकटताना बघून तो बोंबलणारच, पण म्हणूनच ह्या फाइली त्या करणाऱ्याच्या स्वतःच्या पानावरून किंवा गिटहब ह्या प्रोग्रामर लोकांच्या साइटवरूनच घ्या, "फुल पॅक वन क्लिक" असल्या साइटवरून घेऊ नका, नाहीतर परत सट्ट्याच्या जाहिराती. माझा पहिला स्टार इथंच कापला जातो. माहिती सगळी इंग्रजीत, तीही ज्याला आधीच येतं त्याच्यासाठी लिहिलेली. बंड्या सिव्हिलचा डिप्लोमावाला आहे, अख्खी बिल्डिंग उभी करतो, पण हे त्याला एकट्याला जमलं नसतं.

आणखी एक. आधी कंपॅटिबिलिटी मोड लावलेला असेल तर तो काढा, आणि डॉक्युमेंट्समध्ये गेमचं यूजर फाइल्सचं फोल्डर असतं त्यातली जीटीए व्हीसी डॉट सेट ही फाइल उडवा. ती फक्त सेटिंग्जची फाइल आहे, सेव्ह गेम वेगळे असतात, ते जात नाहीत. मी ती उडवली नव्हती म्हणून पॅच टाकूनही पहिल्यांदा गेम उघडताच बंद पडली आणि बंड्यानं माझ्याकडे दुकानवाल्याकडे बघावं तसं बघितलं.

आता मुख्य भांडण. फ्रेम लिमिटर.

गेमच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये फ्रेम लिमिटर असतो, चालू असला की गेम 30 एफपीएसला, म्हणजे सेकंदाला 30 फ्रेम (चित्रं) काढून, थांबते. बंड्याचा स्क्रीन 144 हर्ट्झचा, सेकंदाला 144 चित्रं दाखवणारा, त्याला त्याचा कोण अभिमान. त्याने कुठंतरी व्हिडिओत बघितलेलं की लिमिटर बंद करा आणि स्मूद खेळा. केलं बंद. आणि दिसायला खरंच मलईसारखं, खोटं कशाला बोलू. पण दहा मिनिटांत त्यालाच कळेना की गाडी अशी का वागतेय. त्याच वळणावर, ज्यावर तो 2005 साली डोळे मिटून पीसीजे बाइक घालायचा, तिथं गाडी घसरल्यासारखी, ब्रेक वेगळाच लागतोय, काहीतरी बिनसलेलं.

कारण असं आहे. ही गेम गाडीचा वेग, पकड, धडक, ह्याचा हिशोब प्रत्येक फ्रेमला करते, आणि तो हिशोब 30 धरून जुळवलेला. समजा एखादा किराणावाला दिवसाला तीस बिलं करतो आणि प्रत्येक बिलात पाच-दहा पैसे इकडंतिकडं सोडतो, महिन्याला फार फरक पडत नाही. त्यालाच त्याच सामानाची एकशे चव्वेचाळीस बारकी बिलं करायला लावलीत तर सोडलेल्या पैशांचाच डोंगर होतो. तसंच इथं. चित्र जास्त वेळा काढलं जातं, हिशोब जास्त वेळा होतो आणि बारीक चुका साठत जातात. सॅन अँड्रियास खेळलेल्यांना हे माहिती असेल, तिथं लिमिटर काढला की पोहताना तिथला हिरो सीजे जागच्या जागी हात मारत बसतो.

तर माझं स्पष्ट मत, लिमिटर चालू ठेवा. लोक स्मूद म्हणजे मोठा आकडा असं धरून चालतात आणि मग मिशन होत नाही म्हणून वैतागतात. 30 ला ती सलग चालली, मध्ये अडखळली नाही, की बास, ही गेम त्याच चालीसाठी बनलीय. सायलेंटपॅच टाकल्यावर बंड्याच्या मशीनवर 30 ला ती रात्री दोन वाजेपर्यंत एकदाही अडकली नाही. पहिली पाच मिनिटं डोळ्याला जड वाटतं, 144 ची सवय असली तर, नंतर विसरायला होतं. बंड्याला हे पटलेलं नाही. तो अजून म्हणतो तू माझा स्क्रीन वाया घालवलास.

पण मग डिमॉलिशन मॅन आलं. ज्यांना नाव आठवत नाही त्यांच्यासाठी, ते खेळण्यातलं हेलिकॉप्टर, बांधकाम चालू असलेली बिल्डिंग, चार बॉम्ब वेगवेगळ्या मजल्यांवर ठेवायचे आणि घड्याळ चालू. ह्या एका मिशननं किती पोरांची गेम तिथंच कायमची थांबली असेल. आम्ही कॅफेत दोघं मिळून करायचो, वर-खाली बंड्या आणि नमपॅडवरून वळवायचं माझ्याकडं, एकाच कीबोर्डवर चार हात, तासाला पंधरा रुपये आणि मागं उभी राहून फुकट सल्ला देणारी पोरं. आता लॅपटॉपला नमपॅडच नाही! पॅचचा ह्यात काही दोष नाही, पण कुणी सांगत नाही म्हणून मी सांगतो, खेळायला बसायच्या आधीच कंट्रोल्समध्ये जाऊन नमपॅडच्या सगळ्या की दुसरीकडं न्या, नाहीतर हेलिकॉप्टर हवेत आणि तुम्ही कीबोर्डवर की शोधताय. आम्ही बाणाच्या की घेतल्या. सातव्या का आठव्या वेळी झालं. बिल्डिंग पडली तेव्हा सिव्हिलवाला बंड्या इतका जोरात ओरडला की वहिनी हातात लाटणं घेऊन धावत आल्या, त्यांना वाटलं पाय पडला पलंगावरून.

गाण्यांचं पण सांगायला पाहिजे. स्टीमवरच्या आवृत्तीतून लायसन संपल्यामुळं रेडिओवरची काही गाणी काढून टाकलीत, हे पॅच परत आणत नाहीत. ज्याला 1986 चं मायामीसारखं वातावरण जसंच्या तसं पाहिजे त्याला ते टोचेल. आम्हाला नाही टोचलं, कारण आम्ही तेव्हापण रेडिओ कमीच ऐकायचो. पीसीवरच्या व्हाइस सिटीत एमपी3 नावाचं फोल्डर असतं, त्यात आपली गाणी टाकली की गाडीत ती रेडिओ स्टेशनसारखी वाजतात. बंड्याच्या घरच्या पीसीवर तेव्हा त्यात कोळीगीतं असायची. ह्या वेळी पण टाकली. समुद्राकाठचा रस्ता, संध्याकाळ, गेममधली इन्फर्नस गाडी, आणि आत ढोलकीच्या तालावर कोळीगीत, तिकडं फ्लोरिडात कुणी केलं असेल का असं. पुढं गाडी सरळ समुद्रात गेली आणि टॉमी बुडाला, ह्याला अजून पोहता येत नाही, कुठलाच पॅच ते दुरुस्त करत नाही आणि करू पण नये.

कुरबुरी राहिलेल्या. ऑल्ट टॅब पहिल्यापेक्षा पुष्कळ बरं झालं, पण मी मुद्दाम सातआठ वेळा पटापट केलं तर एकदा लटकली, तेव्हा मध्येच व्हॉट्सॲप बघायची सवय असेल तर आधी सेव्ह करा. गेमपॅडवर खेळायचं असेल तर ह्या दोन पॅचेसनी भागत नाही, त्याच सायलेंटचं जीइनपुट नावाचं वेगळं आहे, आम्ही टाकलं नाही कारण बंड्या म्हणतो कीबोर्ड सोडून व्हाइस सिटी म्हणजे चमच्यानं भाकरी. आणि कुणाला प्लेस्टेशनवर दिसायचे तसे रंग, तशी झळाळी पाहिजे असेल तर स्कायजीएफएक्स म्हणून आणखी एक आहे, मी माझ्या मशीनवर वापरतो, पण इथं नाही टाकला, एकाच दिवशी सगळं टाकायला गेलं की मग बिघडलं कशानं ते कळत नाही. एकेक टाका, दरवेळी गेम उघडून बघा, मग पुढचं.

रेटिंग द्यायचं तर सायलेंटपॅचला पाचपैकी पाच. वाइडस्क्रीन फिक्सला पण पाच दिले असते, लोडरच्या घोळाचा एक कापतो, चार. दुकानवाल्याला दिलेले सहाशे रुपये गेले ते गेले, बंड्या म्हणतो प्लास्टर निघालं की जाऊन बघतो, मी म्हणलं कुबडी घेऊन जा, वजन पडेल.

एक चूक मात्र माझी झाली, ती तुम्ही करू नका. येताना त्याच्या लॅपटॉपवरून माझं स्टीमचं लॉगिन काढायला विसरलो. आता रोज रात्री जेवण करून मी आपलं जरा कुठं गेम उघडतो आणि पाच मिनिटांत मला बाहेर काढतात, तुमचं अकाउंट दुसऱ्या कॉम्प्युटरवर खेळतंय म्हणून. फोन केला तर उचलत नाही. वहिनींना केला तर म्हणाल्या, "असू दे हो भावजी, दहा दिवस झाले, शांतता आहे घरात."